अट घाला, पण हातही द्या

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला येणाऱ्या माणसाने मनाची बरीच तयारी केलेली असते. दोन-चार डाएट करून झालेले असतात, जिमची वर्षाची फी वाया गेलेली असते, गुडघे कुरकुरू लागलेले असतात, मधुमेहाच्या एका गोळीच्या दोन झालेल्या असतात. घरच्यांची समजूत घालून, पैशांची जुळवाजुळव करून तो सर्जनसमोर बसतो आणि सर्जन पहिल्याच भेटीत भलतेच काही सांगतात: आधी सिगारेट सोडा, मग तारीख बघू. पोटावर शस्त्र चालवून घ्यायला तयार झालेला माणूस नेमका इथे अडखळतो.

पुण्या-मुंबईच्या ओपीडीत पुढचा संवाद साधारण ठरलेला असतो.

"सिगारेट ओढता?"

"नाही हो, कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"असतील दिवसाला तीन-चार."

शेजारी बसलेली बायको तोवर गप्प असते. "तीन-चार कुठल्या? रोजचं पाकीट आहे डॉक्टर यांचं," ती म्हणते आणि नवरा खुर्चीत चुळबुळतो. मग येते ते ठेवणीतले उत्तर: "ऑपरेशन झालं की सोडतोच ना. एकदा वजन उतरू द्या, सगळंच सोडतो."

हा क्रमच उलटा आहे. सर्जनची अट रास्त आहे आणि तिच्यामागे नीतिपाठ नसून शरीरशास्त्र आहे, हे रुग्णाने समजून घ्यायला हवे. पण बोलायचे आहे ते अटीच्या दुसऱ्या बाजूबद्दल. आपल्याकडे ही अट बहुतेक वेळा केसपेपरवरच्या एका ओळीत संपते: 'धूम्रपान बंद करा.' कसे बंद करायचे, कोणाच्या मदतीने, कोणते औषध घेऊन, सुटले की नाही हे कोण तपासणार आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा हात पाकिटाकडे गेला तर काय, हे सगळे रुग्णावर सोडून दिले जाते. अशा अटीने व्यसन सुटत नाही, लपते. आणि ऑपरेशन टेबलवर कबूल केलेल्या सिगारेटपेक्षा लपवलेली सिगारेट जास्त धोक्याची.

आधी शरीरशास्त्र. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. मागे उरते एक अरुंद नळी आणि तिच्या कडेने वरपासून खालपर्यंत गेलेली स्टेपलच्या टाक्यांची लांबलचक रांग. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. वजनासाठी बायपासचा हा मार्ग अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६-६७ च्या सुमारास घालून दिला. तेव्हापासून तंत्र पार बदलले. मोठ्या छेदाऐवजी दुर्बीण आली, हाताच्या टाक्यांऐवजी स्टेपलर आले. बदलले नाही ते एवढेच, की जोड नीट भरून आला तर शस्त्रक्रिया यशस्वी, नाही तर जिवाशी गाठ.

कोकणात आंब्याचे कलम बांधणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. जोड नुसता घट्ट आवळून चालत नाही, त्याला रस पोहोचावा लागतो. शरीरात हे काम रक्ताचे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकते, त्यामुळे जखमेच्या कडांना रक्त कमी मिळते. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे जे रक्त पोहोचते तेही ऑक्सिजनने अर्धवट भरलेले. स्लीव्हच्या टाक्यांची रांग वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जवळ, एरवीच नाजूक असते. तिथून गळती झाली तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि चार दिवसांत घरी जाणारा रुग्ण आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात अडकतो.

बायपासच्या रुग्णांचे दुखणे आणखी वेगळे. जठराच्या पिशवीतले आम्ल आता थेट लहान आतड्यावर पडत असते आणि आतड्याच्या अस्तराला त्याची सवय नसते. जोडाच्या कडेला तिथे जो व्रण होतो त्याला डॉक्टर 'मार्जिनल अल्सर' म्हणतात. पोटात कळ येणे, रक्तस्राव होणे आणि वाईटात वाईट म्हणजे आतड्याला भोक पडून मध्यरात्री तातडीची शस्त्रक्रिया करावी लागणे, अशी त्याची चढती भाजणी आहे. त्याची कारणे पुन्हा पुन्हा तीच सापडतात: धूम्रपान, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जिवाणूवर औषध आहे, गोळ्या बदलता येतात. सिगारेट मात्र रुग्णाच्याच हातात राहते. शिवाय हा व्रण शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही होऊ शकतो. तेव्हा "तारखेपुरती सोडतो" हा हिशेब बायपासच्या बाबतीत मुळातच बसत नाही.

त्यात भूलतज्ज्ञाची काळजी वेगळीच. वजन फार असले की छातीवर आणि पोटावर चरबीचा भार असतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास अनेकांना असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवतात, त्याने श्वासपटल आणखी वर ढकलले जाते. अशा फुप्फुसांत वर्षानुवर्षांच्या धुराने चिकट कफ साठलेला असेल तर भूल उतरताना न्यूमोनियाला आयतेच निमंत्रण. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका लठ्ठपणाने वाढतो, मोठ्या शस्त्रक्रियेने वाढतो आणि धूम्रपानानेही वाढतो.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर कोपनहेगनचा एक प्रयोग पाहावा. तिथल्या रुग्णालयांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलून घेण्यासाठी थांबलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून समुपदेशन आणि निकोटिनचा पर्याय देऊन सिगारेट सोडायला मदत केली, दुसऱ्या गटाला नेहमीसारखी वागणूक. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेले रुग्ण दुसऱ्या गटात ५२ टक्के आणि मदत मिळालेल्या गटात १८ टक्के. जखमेशी संबंधित गुंतागुंत ३१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. सांधा आणि जठर एक नव्हे, हे खरे. पण जखम भरून येण्याची रीत दोन्हीकडे तीच. आणि या प्रयोगात रुग्णांना नुसते बजावलेले नव्हते, मदत केली होती, हे विसरता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये जगभरच्या भूलतज्ज्ञांच्या महासंघासोबत या विषयावरचा सगळा पुरावा एकत्र मांडला. शस्त्रक्रियेच्या साधारण चार आठवडे आधी तंबाखू सोडली तर गुंतागुंत कमी होते आणि त्यापुढच्या तंबाखूमुक्त दर आठवड्यामागे निष्पत्ती १९ टक्क्यांनी सुधारते, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकेतील बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणारे, सर्जन आणि अंतःस्रावतज्ज्ञ यांच्या संघटनांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आणखी कडक आहेत: शक्यतो एक वर्ष आधी, किमान सहा आठवडे आधी. म्हणजे आपले सर्जन सहा-आठ आठवड्यांची मुदत देतात तेव्हा ती लहर म्हणून दिलेली नसते.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. "एकदम सोडली की कफ वाढतो, त्यापेक्षा ऑपरेशनपर्यंत चालू राहू दे," हे आपल्याकडे घरातली वडीलधारी मंडळी सांगतातच, कधीकाळी डॉक्टरही सांगत. त्याला निमित्त झाला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८९ चा अभ्यास. हृदयाची बायपास करून घेणाऱ्या २०० रुग्णांच्या त्या अभ्यासात आठ आठवड्यांपेक्षा कमी काळ आधी सिगारेट सोडलेल्यांना फुप्फुसाचा त्रास जास्त दिसला होता. पुढे बरेच अभ्यास झाले. २०११ मध्ये त्यांचे एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा उशिरा सोडल्याने अपाय होतो याला आधार सापडला नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एका दिवसात उतरतो. लवकर सोडणे उत्तम, हे खरेच. पण "आता काय उपयोग" म्हणून शेवटच्या आठवड्यात ओढत राहण्याचे समर्थन विज्ञानात कुठेही नाही.

दुसरी भीती मात्र खोट्यावर उभी नाही आणि तिची थट्टाही करू नये. वजन कमी करायला आलेल्या माणसाला सिगारेट सोडली की वजन वाढेल याची धास्ती असते. निकोटिनने भूक थोडी मरते आणि शरीर थोडी जास्त ऊर्जा जाळते, हे खरे आहे. सिगारेट कंपन्यांनी हे फार लवकर हेरले. अमेरिकेत १९२८ पासून 'लकी स्ट्राइक'ने गोड पदार्थाऐवजी आमची सिगारेट उचला, असा प्रचार बायकांना डोळ्यांसमोर ठेवून केला. मिठाईवाल्यांनी आरडाओरडा केला, पण जाहिरात चालली. १९६८ मध्ये फिलिप मॉरिसने खास बायकांसाठी सिगारेट काढली आणि तिच्या नावातच 'स्लिम्स' घातले. सिगारेट आणि सडपातळपणा यांची सांगड अशी पैसे ओतून घातली गेली आहे. चाळिशीत वजनाशी झगडणाऱ्या माणसाच्या मनात ती सांगड पक्की बसलेली असते.

आकडे काय म्हणतात? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०१२ मध्ये छापलेल्या विश्लेषणानुसार कोणतेही औषध न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी साडेचार ते पावणेपाच किलोंनी वाढते आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतला असतो. ही झाली सरासरी. सोडणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांचे वजन उलट घटले आणि सुमारे १३ टक्क्यांचे दहा किलोंहून जास्त वाढले. आता दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रिया ठेवा. १२० किलोंच्या माणसाचे वजन स्लीव्ह किंवा बायपासनंतर साधारणपणे एकचतुर्थांश ते तीसेक टक्क्यांनी उतरते, म्हणजे ३० ते ३६ किलो. पाच किलोंच्या भीतीने पस्तीस किलोंची संधी धोक्यात घालणे, हा व्यवहार कोणत्याही वाण्याला पटणार नाही.

तरीही रुग्णाची एक तक्रार रास्त आहे. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या जातात: सिगारेट सोडा आणि शस्त्रक्रियेआधी वजनही थोडे उतरवा. यकृताचा आकार कमी व्हावा, दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून शेवटचे दोनेक आठवडे कमी उष्मांकाचा, बहुतांशी द्रव आहार असतो. तलफ आणि उपास एकाच पंधरवड्यात आले की दोन्ही मोडतात. शहाणपणाचा क्रम असा: आधी सिगारेट, निकोटिनची ओढ बरीचशी ओसरेपर्यंत तीन-चार आठवडे, मग आहार. वेळापत्रकात एवढा बदल करायला रुग्णालयाला एक रुपया लागत नाही.

अशा बारीकसारीक गोष्टी रुग्णाला कोणी सांगत नाही आणि तिथेच गाडी अडते. चहाचेच उदाहरण घ्या. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करते. सिगारेट बंद झाली की हा वेग काही दिवसांत उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातले कॅफिन वाढते. छातीत धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, माणूस घरच्यांवर खेकसतो. त्याला वाटते, ही तलफच. खरे तर काही अंशी दोष चहाचा असतो. ऑफिसखालच्या टपरीवर चहा आणि सिगारेट जोडीनेच हातात येतात. तिथला चहा निम्मा केला आणि टपरीचा रस्ता महिनाभर बदलला तर दोन्ही त्रास हलके होतात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी केली आहे. टपरीवर ती किती पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या नाक्यावर पाहावे.

आणि समजा, अट पाळली. पुढे काय? अमेरिकेतील दहा रुग्णालयांत बायपास झालेल्या रुग्णांचा सात वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातले आकडे प्रत्येक बॅरिअॅट्रिक केंद्राने भिंतीवर लावावेत असे आहेत. शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात धूम्रपान करणारे सुमारे १४ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात ते जेमतेम २ टक्क्यांवर आले. म्हणजे अट भलतीच यशस्वी झाली. वर्षभरात आकडा पुन्हा साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेला आणि सातव्या वर्षी जिथून सुरुवात झाली तिथे, १४ टक्क्यांवर, येऊन बसला. तारीख मिळेपर्यंत सिगारेट सुटली होती. नंतर कोणी विचारले नाही. जोडावरच्या व्रणाचा धोका मात्र त्या सातही वर्षांत होता.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: धूम्रपान करणाऱ्याला शस्त्रक्रियाच नको. इंग्लंडमध्ये हा वाद रंगला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये हर्टफर्डशायरमधल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने नियम केला की, तातडीची नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया हवी असेल तर किमान आठ आठवडे सिगारेट सोडलेली असली पाहिजे आणि ते श्वासाच्या चाचणीत दिसले पाहिजे. लठ्ठ रुग्णांना आधी वजन घटवण्याची अट होती. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यावर कडाडून टीका केली. टीका योग्य होती. गुडघा दुखून चालता न येणाऱ्या माणसाला सरसकट नियमाने दाराबाहेर ठेवणे म्हणजे वैद्यकाच्या नावाखाली केलेली काटकसर. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत अटीला वैद्यकीय आधार पक्का आहे, कारण धुराचा मार थेट नव्या जोडावर बसतो. पण तिथेही अट म्हणजे दार बंद करणे नव्हे. लठ्ठपणा आणि मधुमेह आपापले नुकसान करतच असतात, आणि सिगारेट सुटत नाही म्हणून वर्षानुवर्षे ताटकळणारा रुग्ण दोन्हीकडून मार खातो. तारीख पुढे ढकलताना सर्जनने पुढच्या भेटीची तारीख आणि मदतीचा पत्ता द्यायलाच हवा.

महाराष्ट्रात तर मूळ प्रश्नच अपुरा विचारला जातो. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या जागतिक पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले. धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडची तंबाखू बहुतांशी चुन्यासोबत तळहातावर मळली जाते, गालात धरली जाते, विदर्भात खर्रा म्हणून घोटली जाते, पश्चिम महाराष्ट्रात मावा म्हणून खाल्ली जाते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आणि बायका मशेरी लावतात. पन्नाशीच्या बाईला विचारा, "सिगारेट, विडी?" ती कानाला हात लावील. "तंबाखू?" "छे हो." सोबत आलेली सून हळूच सांगते, "सकाळ-संध्याकाळ मशेरी लागते आईंना." त्यावर आईंचे उत्तर तयार असते: "ती काय तंबाखू आहे? दात घासायला लावते मी." मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन तितक्याच सहजपणे रक्तात उतरते.

मळलेल्या तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नसतो, त्यामुळे फुप्फुसांचा हिशेब सिगारेटसारखा नाही. निकोटिनचा हिशेब मात्र चुकत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा तर मुळीच नाही. शिवाय तपासणीच्या यंत्राला हा फरक कळत नाही. फुंकर मारून घेण्याच्या चाचणीत फक्त धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसतो. दिवसातून सहा वेळा बार भरणारा त्या चाचणीत स्वच्छ ठरतो. लघवीतले किंवा रक्तातले कोटिनिन, म्हणजे निकोटिनचे शरीरात होणारे रूप, तपासले तर तंबाखू कोणत्याही वाटेने आली असली तरी सापडते. पण तिथेही एक खोच आहे. डॉक्टरांच्याच सल्ल्याने निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगम वापरणाऱ्याचेही कोटिनिन वाढलेलेच येते. एका हाताने पॅच लिहून द्यायचा आणि दुसऱ्या हाताने 'चाचणी सदोष' म्हणून तारीख रद्द करायची, असा घोळ टाळायचा तर कोणती चाचणी, केव्हा आणि पॅच कधी थांबवायचा, हे रुग्णाला पहिल्या दिवशीच लिहून दिले पाहिजे.

या शस्त्रक्रियेची मागणी आता वाढतच जाणार. २०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी ती करून घेतली, तेव्हा ती घराघरात चर्चेला आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. जगातल्या दोन प्रमुख बॅरिअॅट्रिक संघटनांनी २०२२ मध्ये निकष सैल केले. बॉडी मास इंडेक्स ३५ असेल तर इतर आजार असोत-नसोत शस्त्रक्रिया सुचवावी आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणावी, असे त्या सांगतात. म्हणजे रांगेत उभे राहणारे अनेक पटींनी वाढतील आणि त्यांच्यासोबत त्यांची तंबाखूही येईल.

बॅरिअॅट्रिक केंद्रांच्या जाहिरातींत आहारतज्ज्ञ असतो, फिजिओथेरपिस्ट असतो, आधी-नंतरचे फोटो असतात. तंबाखू सोडवणारा समुपदेशक क्वचितच दिसतो. लाखांच्या पॅकेजमध्ये त्याची फी म्हणजे किरकोळ रक्कम, आणि एक गळती टळली तरी ती शंभरदा वसूल होते. त्याच्याकडे साधने आहेत. निकोटिनचे पॅच, गम, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मात्र ती लठ्ठपणाच्या रुग्णाला डोळे झाकून देण्याची नाहीत. बुप्रोपिऑन फिट येणाऱ्याला किंवा खाऊन ओकण्याचा आजार असलेल्याला चालत नाही आणि वजनाच्या ओपीडीत असे रुग्ण येतात. शस्त्रक्रियेनंतर च्युइंगगम चघळू नका, असे अनेक सर्जन सांगतात, तेव्हा पॅच बरा. बायपासनंतर गोळ्यांचे शोषणही बदलते. म्हणून हे काम दुकानातून परस्पर गम आणण्याचे नाही, टीममध्ये बसून करण्याचे आहे.

तेव्हा अट तशीच राहू द्यावी, पण तिच्यासोबत चार गोष्टी बांधून घ्याव्यात. पहिल्या भेटीतच सिगारेट, विडी, हुक्का, गुटखा, खर्रा, मशेरी यांची नावे घेऊन, सोबतच्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसवून विचारणा करावी. सोडण्याचे औषध आणि समुपदेशन पॅकेजमध्येच धरावे. चाचणी शिक्षा म्हणून न करता उपचार म्हणून करावी आणि ती चुकली तर रुग्णाला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवू नये. आणि शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे जीवनसत्त्वांच्या तपासणीला बोलावतात, तेव्हा दर वेळी तंबाखूचाही प्रश्न विचारावा. आरोग्य विभागाला करण्यासारखे एवढेच, की जिल्हा रुग्णालयांतली तंबाखूमुक्ती केंद्रे आणि शस्त्रक्रिया विभाग एकाच आवारात असूनही एकमेकांकडे रुग्ण पाठवत नसतील तर ती वाट घालून द्यावी.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी रुग्णालयाची वाट पाहत बसू नये. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक नि:शुल्क आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि या सेवेचे एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. तारखेला सहा आठवडे असतील तर फोन आजच करावा, कमी दिवस उरले असतील तरीही करावा. आणि ओपीडीत डॉक्टरांनी "दिवसाला किती?" असे विचारले की बायकोने किंवा सुनेने सांगण्याआधी खरा आकडा आपणच सांगावा.